गाडीचं दार उघडेना? लॉक बदलण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

जून लागला, बेळगावात पावसाने बस्तान बसवलं, की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: "दाराचं लॉक गेलंय ओ, नवीन घालून द्या." तक्रार एकच, पण तिच्यामागे पाच-सहा निरनिराळे बिघाड असू शकतात. एका गाडीत नखाएवढी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते. दुसरीत दाराच्या बिजागरीजवळची वायर तुटलेली असते. तिसरीत काहीच बिघडलेलं नसतं, गाडी धुताना मागच्या दाराचा चाइल्ड लॉक, म्हणजे लहान मुलांना आतून दार उघडू न देणारी कळ, कुणाच्या तरी हाताने खाली पडलेला असतो. तिन्ही गाड्यांना सरसकट नवीन लॉक घातलं तर पैसे जातात आणि दोन गाड्यांची तक्रार जशीच्या तशी राहते.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. न उघडणारं दार अपघातानंतर माणसाला आत कोंडून ठेवतं. नीट न बसणारं दार धावत्या गाडीत उघडतं. "त्या बाजूनं नको, इकडनं उतरा" असं पाहुण्यांना सांगत वर्षवर्ष फिरणाऱ्या गाड्या खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही रस्त्यावर दिसतात. मागच्या सीटवर बहुतेक वेळा लहान मुलं नाहीतर म्हातारी माणसं असतात. त्यांच्या दाराचं काम पुढे ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं.

दाराच्या आत काय असतं

आपल्या जुन्या घरांच्या दाराला कडी-कोयंडा असतो, तसंच हे आहे. कोयंड्याच्या जागी असतो तो स्ट्रायकर, म्हणजे गाडीच्या खांबाला बोल्टने पक्का बसवलेला लोखंडी आकडा. कडीच्या जागी असतं लॅच, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट लॉक म्हणतात. ते दाराच्या कडेला आतून बसवलेलं असतं. दार उघडून कडेला बघितलं तर एक खाच दिसते आणि खाचेत एक फिरता जबडा. दार लावलं की स्ट्रायकर खाचेत शिरतो, जबडा फिरून त्याला पकडतो, आणि आतली एक खिट्टी जबड्याला मागे फिरू देत नाही. दार उघडणं म्हणजे एवढंच: ही खिट्टी बाजूला सारणं.

जबड्याला दोन टप्पे असतात. दार हळू लावलं तर एकदाच "टक्" होतं आणि दार किंचित बाहेर राहतं. तो पहिला टप्पा. पूर्ण लागलं की दुसरा टप्पा. पहिला टप्पा ही केवळ शेवटची आशा आहे, दार नीट लागलं नाही तर ते एकदम सताड उघडू नये म्हणून ठेवलेली. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली मोटारगाड्यांसाठी जे जागतिक तांत्रिक नियम झाले, त्यातला पहिलाच नियम, २००४ सालचा, दाराच्या लॉकबद्दल आहे. पूर्ण लागलेल्या लॅचने ११,००० न्यूटन ओढ सोसली पाहिजे, म्हणजे साधारण अकराशे किलो वजनाएवढी. पहिल्या टप्प्यावरच्या लॅचसाठी हाच आकडा ४,५०० न्यूटन आहे. अर्धवट लागलेल्या दाराची ताकद किती कमी मानली आहे ते यावरून कळतं.

आता या खिट्टीपर्यंत आपल्या हाताचा जोर पोचतो कसा? बाहेरच्या हँडलपासून एक बारीक लोखंडी रॉड लॅचपर्यंत येतो. आतल्या हँडलपासून दुसरा रॉड येतो, नव्या गाड्यांत त्याऐवजी सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते. चावीच्या सिलिंडरपासून तिसरा रॉड. काही गाड्यांत काचेखालून वर येणाऱ्या बटणाचा चौथा. आणि सेंट्रल लॉक असेल तर एक छोटी मोटर, जिला दुकानात अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. जुन्या गाड्यांत नंतर बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेली ही मोटर वेगळी असते आणि एका रॉडने जोडलेली असते. अलीकडच्या गाड्यांत ती लॅचच्याच पेटीत असते. दार उघडं असल्याचा दिवा लावणारा स्विचही अनेक गाड्यांत त्याच पेटीत असतो.

यातली एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते आणि तिच्यावाचून निदान होत नाही. गाडी लॉक केल्यावर जबड्याला काही होत नाही, तो तर आधीच धरलेला असतो. लॉक केल्यावर हँडल आणि खिट्टी यांच्यामधला सांधा सुटतो. हँडल हलतं, पण त्याचा जोर पुढे जात नाही. म्हणजे लॉक झालेलं दार आणि रॉड निखळलेलं दार, दोन्ही हाताला जवळजवळ सारखीच लागतात.

हाताला काय लागतं ते आधी बघा

मीटर, पाना, स्क्रू ड्रायव्हर हे सगळं नंतर. आधी चारही दारं आतून आणि बाहेरून उघडून बघायची आणि चांगल्या दाराशी बिघडलेल्याची तुलना करायची. चांगल्या दाराचं हँडल ओढताना सुरुवातीला सैल, मग थोडं जड, मग "खट्" असं लागतं.

दार आतून उघडतं, बाहेरून उघडत नाही, आणि बाहेरचं हँडल लोंबकळल्यासारखं सैल आहे: तर लॅच बहुधा ठणठणीत आहे. बाहेरच्या हँडलचा रॉड क्लिपमधून निसटलाय, किंवा हँडलच्या मागची प्लॅस्टिकची दांडी तुटलीय. वर्षानुवर्षं उन्हात तापलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, त्यामुळे ही तक्रार जुन्या गाड्यांत फार. इथे क्लिप किंवा हँडल बदलायचं, लॉक नाही.

बाहेरून उघडतं, आतून नाही, आणि दार मागचं आहे: तर सगळ्यात आधी चाइल्ड लॉक बघा. दार बाहेरून उघडा, कडेला लॅचजवळ एक छोटी कळ किंवा चावीने फिरवायची खाच दिसेल. ती सोडवा. एवढ्यावर काम भागलं तर भागलं. पुढच्या दाराला चाइल्ड लॉक नसतो, तिथे आतल्या हँडलची केबल सैल झाली आहे किंवा तुटली आहे असं धरून चाला.

हँडल सैल नाही, जोर लागतोय, पण दार हलत नाही: इथे दोन शक्यता. एक, लॅचमधलं जुनं ग्रीस धुळीने चिकट होऊन खिट्टी जागची हलत नाही. दोन, स्ट्रायकरवर दाराचा ताण आहे. दुसरी शक्यता तपासायला एकाने अंगाने दार आत दाबायचं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी हँडल ओढायचं. दाबल्यावर उघडलं तर दोष स्ट्रायकरच्या जागेत, रबरात किंवा बिजागरीत आहे.

दार लागतच नाही, आपटून परत येतं: घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा दार उघडं असताना कुणाच्या तरी हाताने जबडा बंद झालेला असतो, मग स्ट्रायकरला शिरायला जागाच उरत नाही. बाहेरचं हँडल ओढून धरा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जबडा उघडा. तो उघडाच राहिला, बोटाने ढकलल्यावर धरतच नसला, तर मात्र खिट्टीची स्प्रिंग गेलीय किंवा खिट्टी झिजलीय. हे खरं लॉक बदलण्याचं काम.

दार लावताना उचलून घ्यावं लागतं: उघड्या दाराचं टोक हाताने वर-खाली करून बघा. बिजागरीत खेळ जाणवला तर पिन झिजलेली आहे. अशा वेळी कुणी स्ट्रायकर खाली सरकवून देतो. दार लागायला लागतं, पण खाली बसत चाललेलं दार तसंच राहतं आणि काही महिन्यांनी तेच दुखणं परत येतं. आधी बिजागरी, मग स्ट्रायकर.

चावी सिलिंडरमध्ये नुसतीच गरगर फिरते: सिलिंडरच्या मागचा रॉड सुटलाय. चावी शिरतच नाही किंवा अडकत-अडकत फिरते: आतल्या पितळी पत्त्यांत धूळ बसलीय. इथे आपल्याकडे हात पहिल्यांदा खोबरेल तेलाकडे किंवा इंजिन ऑइलकडे जातो. दोन दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसून चिखल होतो. सिलिंडरमध्ये ग्राफाइटची कोरडी भुकटी घालावी. गंज सोडवणारा फवारा मारलाच तर तो सुकू द्यावा.

रिमोट, मोटर आणि वायर

रिमोटने चारही दारं गप्प असतील तर दारांना हात लावू नका. रिमोटची बॅटरी, फ्यूज, गाडीची बॅटरी, या क्रमाने बघा. तीन दारं लागतात आणि एकच राहतं, तर दोष त्या दारातच आहे. बाहेरून सेंट्रल लॉक बसवलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक खोच असते. ड्रायव्हरच्या दारातली मोटर पाच वायरींची असते, बाकीच्या दोन वायरींच्या. जादा वायरी आतल्या एका स्विचच्या असतात आणि तो स्विचच इतर दारांना "लॉक हो" म्हणून कळवतो. ड्रायव्हरच्या दाराला चावी लावल्यावर बाकीची दारं ऐकत नसतील, तर बाकीच्या तीन मोटरींवर संशय घेऊ नका. ड्रायव्हरच्या दारातली मोटर बघा.

एकाच दाराची तक्रार असेल तर गाडी शांत जागी उभी करून, कान दाराला लावून, रिमोट दाबा. मोटरीचा आवाज येतो पण लॉकची कळ हलत नाही: आतले प्लॅस्टिकचे दाते झिजलेत. दबका, थकल्यासारखा आवाज येतो: मोटर कमजोर झालीय किंवा लॅच जड झालंय. आवाजच नाही: मोटर मेलीय किंवा तिच्यापर्यंत करंट येत नाही.

करंट येतो की नाही हे मीटरवर कळतं. मोटरीच्या दोन वायरींवर लॉक करताना क्षणभर सुमारे १२ व्होल्ट दिसतात, अनलॉक करताना तेवढेच उलट दिशेने. फक्त क्षणभर, त्यामुळे एकाने रिमोट दाबावा आणि दुसऱ्याने मीटरवर नजर ठेवावी. करंट येतोय आणि मोटर गप्प, तर मोटर बदला. करंटच नाही, तर आधी बिजागरीच्या बाजूची, खांब आणि दार यांच्यामधली रबरी नळी सोडवून बघा. दार उघडझाप करताना त्या नळीतल्या वायरी रोज वाकतात आणि कधीतरी आतल्या आत तुटतात, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. एकेक वायर हलक्या हाताने ओढायची, तुटलेली रबरासारखी ताणली जाते. त्याच दाराची काच किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल तर संशय पक्का. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर तिथे टिकत नाही. नवा तुकडा घेऊन सोल्डर करावा, आणि जोड वाकणाऱ्या भागात न ठेवता दाराच्या किंवा खांबाच्या आत घ्यावा.

आपल्याकडचा चिखल आणि धूळ

जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळा म्हणजे महिनोन्‌महिने ओल. तिथल्या तांबड्या मातीचा चिखल चाकावरून उडून दाराच्या खालच्या कडेला बसतो. त्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात, कारण काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणारच, हे गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. ही भोकं चिखलाने बुजली की पाणी दारातच साठतं. वळणावर दारातून "डुबुक" असा आवाज आला तर समजा, पाणी साठलंय. रॉडच्या क्लिपा, मोटरीची पिन, लॅचचं तळ, सगळं त्या ओलीत गंजतं. पाऊस सुरू होण्याआधी आणि मध्ये एकदा बोथट काडीने ही भोकं मोकळी केली, तर लॉकचं आयुष्य वाढतं. अथणी, रायबागकडे कोरडी हवा आणि ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ. तिथे गंजाऐवजी ग्रीस आणि धुळीचा राळेसारखा थर जबड्यात बसतो, आणि थंडीत सकाळी दार जड होतं. असं लॅच बदलू नका. फवाऱ्याने धुवा, कापडाने पुसा, दार न लावता खिट्टीची कळ वीसेकदा हलवा आणि मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसता फवारा मारून सोडलं तर होतं-नव्हतं ग्रीसही धुऊन जातं.

जुनी गाडी गोव्यातून किंवा कारवारकडून आलेली असेल तर खाऱ्या हवेचा गंज दाराच्या आतून असतो. अशा गाडीचं दार एकदा उघडून बघितलेलं बरं.

लॉक घेताना आणि बदलताना

खिट्टी झिजलीय, स्प्रिंग गेलीय, किंवा पेटीतली मोटर मेलीय, हे नक्की झालं, तरच नवीन लॅच. घेताना पुढचं-मागचं, डावं-उजवं आणि मोटरीसह की मोटरीशिवाय, हे तिन्ही नीट सांगावं लागतं. डावं-उजवं हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरतं, गाडीसमोर उभं राहून नाही. खोक्यावर आरएच (राइट हँड, उजवं) लिहिलेलं म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरची बाजू. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक प्लग बदलतात, म्हणून चॅसिस नंबर सांगून पार्ट नंबर काढून घ्यावा. नवीन लॅच घातलं म्हणून चावी बदलत नाही, कारण बहुतेक गाड्यांत चावीचं सिलिंडर हा वेगळा भाग असतो. सिलिंडरच बदलावं लागलं तर चावीवाल्याकडे नव्याच्या पत्त्या जुन्या चावीप्रमाणे लावून घेता येतात. जुन्या बाजारातलं लॅच घेणार असाल तर जबडा हाताने दोन्ही टप्प्यांवर बसवून बघा, ओढून बघा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग आणि लेथवर काय वाटेल ते करून देणारी माणसं आहेत, त्यांच्या हाताला तोड नाही. पण लॅचच्या जबड्याला किंवा खिट्टीला वेल्डिंग करून घेऊ नका. ते पोलाद कडक केलेलं असतं, उष्णतेने त्याचा कडकपणा जातो.

काम सुरू करताना क्रम महत्त्वाचा. काच पूर्ण वर करा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बाजूच्या एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा, कारण धडक ओळखणारा सेन्सर दारातही असू शकतो. आता डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण. हँडलच्या वाटीत, हात टेकायच्या जागी आणि कडेला स्क्रू लपवलेले असतात, त्यांच्यावर छोटी झाकणं असतात. स्क्रू काढल्यावर कडेच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक सोडवा. पॅड अडला तर जोर लावू नका, एखादा स्क्रू नक्की राहिलाय.

पॅडमागे पॉलिथिनचा पडदा चिकटवलेला असतो. तो फाडू नका, सावकाश सोडवा. काचेवरून उतरणारं पाणी गाडीच्या आत न येता खालच्या भोकांकडे जातं ते याच पडद्यामुळे. घाईत हा पडदा फेकून दिला, तर पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालची चटई भिजते आणि मग लोक गळती छतात शोधत बसतात.

रॉड सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. रॉडच्या क्लिपा ओढायच्या नसतात. क्लिपची दांडी रॉडवरून बाजूला फिरवायची आणि मग रॉड बाहेर घ्यायचा. लॅच दाराच्या कडेला बहुतेक तीन स्क्रूंनी धरलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत ते ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे (टॉर्क्स), टी-३० मापाचे असतात. कारखान्यात घट्ट बसवलेले असल्याने बिट पूर्ण आत बसवून, मागून एक हलका ठोका देऊन, मग फिरवा. खाच एकदा गोल झाली की दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं. स्क्रू निघाले तरी लॅच बाहेर येत नसेल तर काच जिच्यात सरकते ती मागची पन्हळ आड येत असते, तिचा बोल्ट सैल करा.

दार बंद अवस्थेतच अडकलं असेल तर काम फार कठीण होतं, कारण हे तीन स्क्रू बंद दारात झाकले जातात. आधी वरचा दोन माणसांचा प्रयोग करून बघा. एकाने आतलं हँडल ओढून धरायचं, दुसऱ्याने बाहेरून दार दाबत-सोडत राहायचं आणि मध्ये रिमोट चालवायचा. तरीही नाही झालं तर बंद दारातच पॅड सोडवून रॉड किंवा खिट्टीची कळ हाताने हलवावी लागते. त्यात पॅडला इजा होण्याची शक्यता असते. हे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावं.

नवीन लॅच बसलं, रॉड जोडले, प्लग लावला, बॅटरी जोडली. आता दार लावायचं नाही. उघड्या दारातच स्क्रू ड्रायव्हरने जबडा दोन टप्पे बंद करा आणि बाहेरचं हँडल ओढा. जबडा सुटला पाहिजे. परत बंद करा आणि आतल्या हँडलने सोडवा. मग बटण, चावी, रिमोट, प्रत्येकाने लॉक करून बघा: लॉक असताना बाहेरच्या हँडलने सुटता कामा नये, अनलॉक केल्यावर सुटलंच पाहिजे. मागचं दार असेल तर चाइल्ड लॉकची कळ सोडलेली आहे ना, तेही बघा. एखादा रॉड लावायचा राहिला आणि दार लावून घेतलं, तर नवंकोरं लॅच आत घेऊन दार कायमचं अडकतं. हाताखालच्या पोराला एकच गोष्ट शिकवायची झाली तर मी हीच शिकवेन.

सगळं बरोबर असेल तर पॅड लावण्याआधी दार हळू लावा. दोन "टक्" स्पष्ट ऐकू आले पाहिजेत आणि दाराची कड शेजारच्या पत्र्याशी सारख्या रेषेत आली पाहिजे. बाहेर राहत असेल तर स्ट्रायकरभोवती पेन्सिलने खूण करा, बोल्ट किंचित सैल करून एखादा मिलिमीटर आत सरकवा, घट्ट करा, परत बघा. बसलं की पडदा नीट चिकटवा, पॅड लावा, काच वर-खाली करून रॉडला घासत नाही ना ते तपासा. जुनं लॅच भंगारात देताना त्याच्या रॉडच्या चांगल्या क्लिपा काढून एका डबीत ठेवा. तालुक्याच्या गावात सुट्ट्या क्लिपा वेळेवर मिळतातच असं नाही, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दाराचं बाहेरचं हँडल सैल पडलं तर कदाचित तेवढ्यावरच काम भागेल.